पदवी की प्रमाणपत्र? व्यायाम-प्रशिक्षकाच्या शिक्षणाचा विचार

आखाड्यातील वस्तादाला कोणी प्रमाणपत्र विचारीत नसे. त्याची कुस्ती लोकांनी पाहिलेली असे, त्याच्या हाताखाली तयार झालेले पठ्ठे पंचक्रोशीला ठाऊक असत, आणि त्याच्यापाशी येणारी मुले बहुधा वाढत्या वयाची व निरोगी असत. वस्ताद आणि पठ्ठा यांचा सहवास वर्षानुवर्षांचा असल्यामुळे एकाला दुसऱ्याची पारख करण्यास पुरेसा अवधी मिळे.

आजच्या शहरातील व्यायामशाळेत ही परिस्थिती राहिलेली नाही. तेथे शिकविणारा आणि शिकणारा हे दोघे परस्परांना अनोळखी असतात. त्यांचा संबंध तासाच्या आणि महिन्याच्या हिशेबाने ठरतो. शिवाय शिकणारा हा अठरा वर्षांचा तरुणच असेल असे नाही. दिवसभर खुर्चीवर बसून काम करणारा, वजन वाढलेला, डॉक्टरांनी ‘आता व्यायाम सुरू करा’ असे बजावलेला पन्नाशीचा गृहस्थही तेथे येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी 11.4 टक्के लोकांना मधुमेह आणि 35.5 टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे व्यायामशाळेत येणाऱ्या प्रत्येक तिघांपैकी एकाचा रक्तदाब वाढलेला असू शकतो, असे धरून चालणेच प्रशिक्षकाच्या दृष्टीने शहाणपणाचे होय.

एका वेळी एकाच व्यक्तीला, तिचे वय, प्रकृती आणि उद्दिष्ट ध्यानात घेऊन व्यायाम शिकविणारा आणि तिच्या प्रगतीवर लक्ष ठेवणारा जो माणूस, त्याला ‘पर्सनल ट्रेनर’ किंवा व्यक्तिगत व्यायाम-प्रशिक्षक म्हणतात. हा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या तरुण-तरुणींपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो. विद्यापीठात तीन-चार वर्षे घालवून शारीरिक शिक्षणाची वा क्रीडाविज्ञानाची पदवी घ्यावी, की काही महिन्यांचा अभ्यास करून एखाद्या संस्थेचे प्रमाणपत्र मिळवावे? ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा खर्च आणि वेळ यांच्या हिशेबाने दिले जाते. तो हिशेब आवश्यक आहेच. परंतु त्याआधी ही दोन शिक्षणे कशासाठी निर्माण झाली आणि प्रत्येकातून नेमके काय हाती येते, हे पाहिले पाहिजे.

पदवीची परंपरा

आपल्या देशात शारीरिक शिक्षणाला शास्त्रशुद्ध रूप देण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून दिसतात. अमरावती येथे वैद्य बंधूंनी 1914 मध्ये आरंभिलेल्या आखाड्यातून पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही मोठी संस्था उभी राहिली. मद्रास येथे 1920 मध्ये हॅरी क्रो बक यांनी वाय. एम. सी. ए. च्या वतीने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले. स्वातंत्र्यानंतर, 1857 च्या संग्रामाच्या शताब्दीचे निमित्त साधून, केंद्र सरकारने 1957 मध्ये ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाईंच्या नावाने महाविद्यालय काढले. 1995 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. पतियाळा येथील मोतीबाग राजवाड्यात 1961 मध्ये राष्ट्रीय क्रीडा संस्था सुरू झाली आणि 1973 मध्ये तिला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव देण्यात आले.

ह्या संस्थांचा हेतू लक्षात घेण्याजोगा आहे. मद्रास व ग्वाल्हेर येथील शिक्षण प्रामुख्याने शाळा-महाविद्यालयांना शारीरिक शिक्षक पुरविण्यासाठी होते, तर पतियाळा येथील पदविका विशिष्ट खेळाचे मार्गदर्शक तयार करण्यासाठी होती. शिक्षकासमोर मैदानावर चाळीस मुले उभी असतात. क्रीडामार्गदर्शकासमोर निवडक खेळाडू असतात. एकटा, मध्यमवयीन, कदाचित आजारी असलेला नागरिक ह्या दोघांच्याही समोर नव्हता. आजही बी. पी. एड. ह्या अभ्यासक्रमावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेचे नियंत्रण आहे, आणि परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने तो पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम ठरविला, ही गोष्ट त्याचे स्वरूप स्पष्ट करते. तो मूलतः अध्यापकाचा अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर घेता येणाऱ्या शारीरिक शिक्षण व क्रीडाविज्ञानाच्या पदव्यांमध्ये शास्त्रीय विषयांचा वाटा अधिक असतो; तथापि त्यांतही खेळ, स्पर्धांचे आयोजन आणि मैदानाची आखणी यांना बराच वेळ दिला जातो.

म्हणून पदवीधर तरुण जिममध्ये पहिल्या दिवशी गोंधळतो, याचे नवल वाटण्याचे कारण नाही. त्याला स्नायूंची नावे व कार्ये ठाऊक असतात. परंतु गुडघा दुखणाऱ्या गृहिणीला बैठक कशी शिकवावी, हे त्याने प्रत्यक्ष केलेले असतेच असे नाही.

प्रमाणपत्राची परंपरा

प्रमाणपत्राचा उगम वेगळ्या गरजेतून झाला. अमेरिकेत 1954 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन ह्या संस्थेने 1975 मध्ये व्यायाम-चाचणी आणि व्यायाम-योजना यांची मार्गदर्शक तत्त्वे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. हृदयविकारातून उठलेल्या रुग्णांना व्यायाम देताना काम करणाऱ्यांची पात्रता एकसारखी असावी, हा त्यामागील एक प्रमुख विचार होता. पुढे निरोगी माणसांसाठी जागोजागी व्यायामकेंद्रे निघू लागली, तेव्हा त्यांतील प्रशिक्षकांसाठीही परीक्षा आल्या. नॅशनल स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग असोसिएशन 1978 मध्ये, अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज 1985 मध्ये आणि नॅशनल अकॅडमी ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन 1987 मध्ये अस्तित्वात आली. ह्या संस्थांच्या परीक्षा आज भारतातही दिल्या जातात.

अशा प्रमाणपत्राची तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत. एक, ते ठरावीक कामापुरते असते. त्याच्या परीक्षेत त्या कामाला लागणारे ज्ञान तपासले जाते. दोन, त्याच्यासोबत हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे, म्हणजे सीपीआरचे, चालू प्रमाणपत्र मागितले जाते. तीन, ते कायमचे नसते. संस्थेच्या नियमाप्रमाणे दर दोन किंवा तीन वर्षांनी पुढील शिक्षणाचा पुरावा देऊन त्याचे नूतनीकरण करावे लागते. पदवी एकदा मिळाली की जन्मभर टिकते; प्रमाणपत्राची मुदत संपते. वरवर पाहता हा प्रमाणपत्राचा उणेपणा वाटतो. परंतु ज्या शास्त्रात दर दशकात समजुती बदलतात, त्यात मुदत संपणे हा गुणही ठरू शकतो.

पदवी आणि प्रमाणपत्र हे दोन मार्ग सर्वत्र एकमेकांपासून तुटलेले आहेत, असेही नाही. खेळाडूंची शक्ती व क्षमता वाढविणाऱ्या प्रशिक्षकांसाठी असलेले वर उल्लेखिलेल्या असोसिएशनचे प्रमाणपत्र पदवी असल्याखेरीज मिळत नाही. त्याच संस्थेच्या व्यक्तिगत प्रशिक्षकाच्या परीक्षेस मात्र पदवीची अट नाही.

आपल्याकडे राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा डिसेंबर 2013 मध्ये अधिसूचित झाला. त्याअन्वये क्रीडा, शारीरिक शिक्षण, फिटनेस व विरंगुळा या क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद काम करते आणि ‘फिटनेस ट्रेनर’ ह्या कामासाठी पात्रतेचे निकष ठरविलेले आहेत. ह्यांशिवाय गावोगावी खासगी संस्था स्वतःची प्रमाणपत्रे देतात. त्यांत चांगल्या संस्था आहेत, तशाच दोन दिवसांच्या वर्गानंतर सुबक छापलेला कागद हाती देणाऱ्याही आहेत. कागदाच्या दिखाव्यावरून त्यांतील फरक ओळखता येत नाही; आणि वैद्यक परिषदेप्रमाणे व्यक्तिगत प्रशिक्षकांची सक्तीची नोंदणी करणारी वैधानिक परिषद आपल्या देशात नसल्यामुळे निवडीची सारी जबाबदारी शिकणाऱ्यावरच येऊन पडते.

एक उदाहरण

आता ह्या दोन शिक्षणांतील अंतर प्रत्यक्ष कामात कोठे जाणवते, ते एका उदाहरणाने पाहू.

पन्नास वर्षांचा एक पुरुष व्यायामशाळेत येतो. प्रशिक्षकाला त्याच्या हृदयाच्या ठोक्यांवरून व्यायामाची तीव्रता ठरवावयाची आहे. 220 मधून वय वजा करावे, म्हणजे हृदयाची कमाल गती मिळते, हे सूत्र जवळजवळ प्रत्येक व्यायामशाळेच्या भिंतीवर आढळते. त्याप्रमाणे हा आकडा 170 येतो. 2001 मध्ये सुचविलेल्या दुसऱ्या सूत्रानुसार वयाची 0.7 पट 208 मधून वजा करावी. त्याप्रमाणे 173 येतात. दोन्ही आकडे सरासरीचे आहेत आणि एखाद्या व्यक्तीची खरी गती त्यांच्यापासून दहा-बारा ठोके इकडे-तिकडे सहज असू शकते. तरीही निरोगी माणसासाठी प्रारंभीचा अंदाज म्हणून त्यांचा उपयोग होतो.

परंतु हा गृहस्थ रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर वर्गातील गोळी घेत असेल तर काय होईल? ही औषधे हृदयाची गती मुद्दामच कमी ठेवतात. मग 170 च्या 80 टक्के, म्हणजे 136 ठोके गाठले पाहिजेत, असा हट्ट प्रशिक्षकाने धरला, तर आधीच आपल्या शक्तीच्या टोकाला पोहोचलेल्या माणसाला तो आणखी पुढे रेटीत राहील. घड्याळावरील आकडा मात्र ‘अजून कमी आहे’ असेच सांगत असेल. अशा वेळी ठोके न मोजता श्रमाची जाणीव विचारावी लागते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी 6 ते 20 अंकांची श्रेणी तयार केली. त्याहूनही सोपी कसोटी म्हणजे, व्यायाम करता करता माणसाला एखादे पूर्ण वाक्य बोलता येते की नाही, हे पाहणे.

चांगल्या प्रमाणपत्राचा अभ्यास केलेला प्रशिक्षक पहिल्या दिवशी प्रश्नावली भरून घेईल. कॅनडात तयार झालेली, सात मूलभूत प्रश्नांची अशी एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यात औषधांविषयी प्रश्न असतोच. उत्तर ‘होय’ आले की तो डॉक्टरांचा सल्ला मागेल आणि तोपर्यंत हलक्या व्यायामावर थांबेल. व्यायामविज्ञानाची सखोल पदवी घेतलेला प्रशिक्षकही डॉक्टरांचा सल्ला घेईलच. परंतु त्या सल्ल्यातील शब्द त्याला समजतील, औषधाचा व्यायामावर होणारा परिणाम ठाऊक असेल आणि त्या मर्यादेत पुढील सहा महिन्यांची योजना आखता येईल. कोठे थांबावे हे पहिला जाणतो. थांबलेल्या ठिकाणापासून सुरक्षितपणे पुढे कसे जावे, हे दुसरा जाणू शकतो. ज्याने दोहोंपैकी काहीच शिकलेले नाही, त्याला थांबावयाचे असते हेच ठाऊक नसते. खरा धोका येथे आहे.

मधुमेहाचेही असेच आहे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर व्यायामाने एकाएकी खाली येऊ शकते. दरदरून घाम, हातांची थरथर, गोंधळलेपणा ही तिची लक्षणे. पहिली दोन लक्षणे साध्या थकव्यातही दिसतात, म्हणून अजाण प्रशिक्षक ‘आणखी दहा वेळा’ असे म्हणून मोकळा होतो. जाणता प्रशिक्षक व्यायाम थांबवितो, साखर तपासावयास लावतो आणि जवळ ठेवलेली साखर किंवा गोड पेय देतो. पूर्णपणे निरोगी असलेल्या नवख्या तरुणालाही पहिल्याच दिवशी बेसुमार व्यायाम दिला, तर स्नायूंचे तंतू मोठ्या प्रमाणावर तुटून त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. लघवीचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर तत्काळ रुग्णालयात गेले पाहिजे, हे प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असावयास हवे.

अधिकाराची मर्यादा

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पदवी असली म्हणजे उपचार करण्याचा अधिकार मिळतो, असे नाही. संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 मध्ये झालेल्या कायद्यात भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, आणि पोषणविज्ञान यांना स्वतंत्र व्यवसाय म्हणून स्थान दिलेले आहे. खांद्याच्या दुखण्याचे निदान करणे, मधुमेही रुग्णासाठी उपचारात्मक आहार लिहून देणे ही कामे त्या त्या क्षेत्रातील शिक्षितांची आहेत. शारीरिक शिक्षणाचा पदवीधर असो वा प्रमाणपत्रधारक असो, त्याने ही सीमा ओलांडू नये. ज्याला रुग्णांवर उपचारच करावयाचे आहेत, त्याने सुरुवातीपासूनच फिजिओथेरपीच्या पदवीचा मार्ग धरावा. शारीरिक शिक्षणाची पदवी हा त्याचा आडमार्ग नव्हे.

निवड कशी करावी

वरील विवेचनावरून असे दिसते की ‘पदवी श्रेष्ठ की प्रमाणपत्र श्रेष्ठ’ हा प्रश्न मुळातच अपुरा आहे. आपण कोणाच्या शरीराची जबाबदारी घेणार आहोत, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. त्याच्या उत्तराप्रमाणे मार्ग बदलतो.

ज्याला शाळेत शारीरिक शिक्षक व्हावयाचे आहे, त्याला बी. पी. एड. सारख्या मान्यताप्राप्त पात्रतेवाचून गत्यंतर नाही. महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी पदव्युत्तर पदवी लागते. प्रमाणपत्र कितीही नामवंत संस्थेचे असले, तरी ते येथे उपयोगी पडत नाही. ज्याला एखाद्या खेळाचा मार्गदर्शक व्हावयाचे आहे, त्याने पतियाळासारख्या संस्थेच्या पदविकेचा विचार करावा. खेळाचा अनुभव असलेल्यांसाठी तेथे सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही चालत आलेला आहे.

ज्याला निरोगी प्रौढांना व्यायाम शिकवावयाचा आहे आणि ज्याच्या घरची स्थिती लवकर कमावते होण्याची निकड दाखविते, त्याने चांगले प्रमाणपत्र घेऊन एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या हाताखाली काम सुरू करण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र त्याने बारावीवर थांबू नये. मुक्त विद्यापीठातून वा अन्य मार्गाने पदवी पूर्ण करावी. कारण वयाच्या चाळिशीनंतर दिवसाचे दहा-बारा तास उभे राहून शिकविणे कठीण होते, आणि व्यवस्थापन वा अध्यापन यांकडे वळावयाचे तर पदवी आड येते. ह्याउलट, ज्याला वृद्ध, स्थूल, मधुमेही वा हृदयविकारातून बरे झालेल्या व्यक्तींसोबत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, काम करावयाचे आहे, त्याने क्रीडाविज्ञान वा व्यायामशरीरशास्त्राची पदवी घ्यावी आणि शेवटच्या वर्षात प्रमाणपत्राची परीक्षाही द्यावी. त्याच्या बाबतीत दोन्ही आवश्यक आहेत.

प्रमाणपत्र निवडताना पुढील गोष्टी तपासाव्यात. प्रवेशाच्या वेळी वयाची व शिक्षणाची अट आहे काय? परीक्षा शिकविणाऱ्यांखेरीज अन्य कोणी घेते काय, की प्रत्येक प्रवेशार्थी उत्तीर्ण होतोच? सीपीआर प्रत्यक्ष पुतळ्यावर करवून घेतात काय? छातीवर मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. नूतनीकरणाची अट आहे काय? जिवंत माणसांना, देखरेखीखाली, शिकविण्याचे किती तास त्यात आहेत? परदेशी परीक्षा असेल, तर तिची भाषा आणि परकीय चलनातील शुल्क आपल्याला झेपेल काय? नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीकडे ह्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज लक्ष देऊ नये.

पदवीचे महाविद्यालय निवडतानाही अशीच चौकशी करावी. संस्थेला मान्यता आहे काय, प्रयोगशाळेतील उपकरणे वापरात आहेत की कपाटात बंद आहेत, आणि विद्यार्थ्यांना रुग्णालयात किंवा व्यायामकेंद्रात प्रत्यक्ष कामासाठी पाठवितात काय, हे जुन्या विद्यार्थ्यांना विचारले म्हणजे कळते. जी पदवी केवळ उपस्थितीच्या नोंदीवर मिळते, ती चांगल्या प्रमाणपत्राच्याही बरोबरीची नसते.

शिकणे आणि शिकविणे

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. हे प्रमाण करोडो लोकांच्या अंगवळणी पडावयाचे, तर जाणत्या प्रशिक्षकांची मोठी गरज लागेल, आणि ती केवळ पदवीधरांकडून भागणार नाही. म्हणून प्रमाणपत्राचा मार्ग उघडा असणे समाजाच्या हिताचे आहे. पण त्या मार्गाने आलेल्याने स्वतःच्या ज्ञानाची मर्यादा ओळखली पाहिजे, आणि पदवीच्या मार्गाने आलेल्याने स्वतःच्या अनुभवाची.

व्यायाम शिकावयास येणारा माणूस भिंतीवरील चौकटीतला कागद क्वचितच वाचतो. प्रशिक्षकाच्या सांगण्यावर विश्वास ठेवून तो पाठीवर वजन घेतो. त्या विश्वासाला पात्र होण्याइतके ज्ञान आपल्यापाशी आहे की नाही, हे प्रशिक्षकाने स्वतःला वेळोवेळी विचारीत राहावे, आणि नसेल तेव्हा शिकावयास पुन्हा बसावे. पदवी आणि प्रमाणपत्र ही दोन्ही त्या शिक्षणाची केवळ सुरुवात होय.